अहिराणी बंद केली की पोराचं इंग्रजी सुधारतं का?

खान्देशातल्या, धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुख्य भाग इथे देते.

"आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. यंदा पहिलीला इंग्रजी माध्यमात घातला. घरात सासू-सासरे आणि मी अहिराणी बोलतो, मिस्टर नोकरीमुळे मराठी जास्त बोलतात. मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. बोललाच तर 'मिस, मनी पेन्सिल घर राही गई' (माझी पेन्सिल घरी राहून गेली) असं बोलतो आणि मुलं हसतात. मॅडमनी आम्हाला बोलावून सांगितलं की घरात ती भाषा बंद करा, इंग्रजीच बोला, तीन-तीन भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो. मिस्टरांनी सासूबाईंनाही तसं सांगून टाकलं. आता त्या नातवाजवळ गप्प बसून असतात. मी 'कम', 'सिट', 'ईट फास्ट' एवढं बोलते, पुढचं मला येत नाही. मुलगा चिडका झाला आहे. आधी आजीला बैलाची, कुत्र्याची मोठमोठी गोष्ट सांगायचा, ते बंद झालं. अभ्यास करताना एकटाच अहिराणीत पुटपुटतो, त्यावरही ओरडा बसतो. मिस्टर म्हणतात, ज्या भाषेत शब्दच नाहीत तिच्यात विचार काय होणार? मी बारावी शिकले, पण माझे विचार अजून अहिराणीतच येतात. मग माझंही डोकं त्यामुळेच कमी चालतं का? आणि पाढे कोणत्या भाषेत घेऊ, तेही सांगा."

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मग. घरातली अहिराणी आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा. सासूबाईंना तुम्ही स्वतः जाऊन सांगा की नातवाशी पहिल्यासारखं बोला. मुलाच्या इंग्रजीला अहिराणीनं काहीही धोका नाही. घरातलं बोलणं आटलं आहे, धोका त्याचा आहे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की आजीला गोष्टी सांगणारं पोर आता गोष्टी सांगत नाही.

मॅडमना दोष देऊ नका. जास्त भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो ही समजूत त्यांच्या मनाची नाही, ती फार जुनी आहे आणि एके काळी शास्त्रज्ञही तसंच मानायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत बाहेरून आलेल्या लोकांच्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या गेल्या. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेली ही मुलं मागे पडलेली दिसली, आणि दोष दोन भाषांना दिला गेला. पण मुलं बरीचशी गरिबाघरची होती, आणि चाचणी बहुतेक वेळा त्यांना धड न येणाऱ्या भाषेत होती. १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक स्थितीतली दहा वर्षांची मुलं घेऊन तुलना केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुलं मागे नव्हती, उलट सरस होती.

माँट्रियल आपल्यापासून लांब आहे, म्हणून आपल्या देशातला अभ्यास सांगते. ओडिशात कोंध आदिवासींची कुई भाषा आहे. काही भागांतल्या कोंधांची कुई सुटली आणि ते फक्त ओडिया बोलू लागले. काही भागांत कुई आणि ओडिया दोन्ही टिकल्या. समाज तोच, परिस्थिती साधारण तीच, फरक भाषेचा. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी अनेक वर्षं या दोन्ही भागांतल्या मुलांचा अभ्यास केला. घरची भाषा टिकवून ओडिया शिकलेली मुलं विचारांच्या आणि भाषेच्या चाचण्यांत, घरची भाषा सोडून दिलेल्या मुलांपेक्षा पुढे होती. घरात एक बोली आणि बाहेर राज्याची भाषा, ही तुमच्याच घरासारखी गोष्ट आहे.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, लक्ष जास्त टिकतं, असे दावे मधल्या काळात फार झाले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्यांतले बरेच टिकले नाहीत. म्हणून अहिराणी बोलल्यानं तुमचा मुलगा पहिला येईल, असं मी म्हणणार नाही. नुकसान होत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं. आता वळते त्या पेन्सिलच्या वाक्याकडे.

'मिस, मनी पेन्सिल घर राही गई.' ताई, या वाक्यात गोंधळ कुठे आहे? हाक कोणाला मारायची हे त्याला ठाऊक आहे, वस्तू कोणाची, कुठे आणि काय झालं हे ठाऊक आहे, आणि क्रियापद पेन्सिलला जुळवून स्त्रीलिंगी लावलं आहे. इंग्रजी जेवढं हाताशी होतं तेवढं वापरलं, बाकीचं घरच्या भाषेतून भरून काढलं. दोन भाषांत वाढणारी मुलं जगभर हेच करतात, आणि दुसऱ्या भाषेतले शब्द वाढले की अशी सरमिसळ आपोआप कमी होते. भाषा वेगळ्या आहेत हे मुलांना फार लवकर कळतं. गरोदरपणी ज्यांच्या आया दोन भाषा बोलत होत्या, अशी नुकती जन्मलेली बाळंसुद्धा त्या दोन भाषांची लय वेगळी ओळखतात, असं कॅनडातल्या २०१० च्या एका अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे मोठी माणसंही हेच करतात. धुळ्याच्या बाजारात एकच माणूस गाववाल्याशी अहिराणी, दुकानदाराशी हिंदी आणि साहेबाशी मराठी बोलतो, त्याला कोणी गोंधळलेला म्हणत नाही.

वर्गातल्या गप्प बसण्याचं म्हणाल, तर नव्या भाषेच्या वर्गात पडलेली अनेक मुलं पहिले काही आठवडे, कधी काही महिने बोलतच नाहीत. ती ऐकत असतात, शब्द जमवत असतात. त्यात पहिल्याच वाक्याला वर्ग हसला, तर ती आणखी गप्प होतात. तुमच्या मुलाचं गप्प बसणं मला मुख्यतः त्या हसण्यातून आलेलं वाटतं. मॅडमशी बोलायचं असेल तर यावर बोला. त्यांना म्हणा, तो अहिराणीत बोलला तरी आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या, मग तेच इंग्रजीत एकदा म्हणून दाखवा, आणि हसणाऱ्या मुलांना थांबवा. एवढी विनंती कोणतीही शिक्षिका मान्य करेल. आणि घाई नको. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण धडा समजून उत्तर लिहिण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या मुलाचं अजून एक वर्षही झालेलं नाही. कमिन्स यांचंच आणखी एक म्हणणं तुमच्या मिस्टरांना नक्की सांगा. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. कारण सांगणं, क्रम लावणं, दोन गोष्टींतला फरक ओळखणं मुलाला अहिराणीत आलं, की इंग्रजीत त्याला फक्त नवे शब्द लागतात.

एक गोष्ट तपासून घ्या: कान. सर्दी मुरली की लहान मुलांना कमी ऐकू येतं आणि ते घरात पटकन लक्षात येत नाही. आणि कुठल्याही मुलाला घरच्या भाषेतही नीट बोलता येत नसेल, वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत दोन शब्द जोडता आले नसतील, तर स्पीच थेरपिस्टला दाखवायला हवं. पण बैलाची लांबलचक गोष्ट सांगणाऱ्या मुलाबद्दल ही काळजी मला वाटत नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न आणि त्यातून तुमच्या मनाला लागलेली बोच. भाषा नाही तर विचार नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण ते खरं नाही, आणि याचा पुरावा मोठा विलक्षण आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, लकवा मारला, की काही माणसांची भाषा जाते. शब्द सापडत नाहीत, समोरच्याचं वाक्यही उलगडत नाही. इंग्लंडमध्ये रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसानं सिंहाला मारलं की सिंहानं माणसाला, हे त्यांना वाक्यावरून कळत नव्हतं. पण ५९ मधून १३ वजा करणं आणि १३ मधून ५९ वजा करणं यातला फरक त्यांना बरोबर कळत होता, कंसातली गणितंही ते सोडवत होते. वाक्याचा क्रम हरवला होता, विचाराचा क्रम शाबूत होता. अमेरिकेत एव्हेलिना फेडोरेंको यांच्या प्रयोगशाळेनं मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं आहे की वाक्य समजून घेताना जे भाग कामाला लागतात, ते गणित किंवा कोडं सोडवताना बहुतेक शांत असतात. भाषा विचार पोचवते, धरून ठेवायला मदत करते, पण विचार म्हणजे भाषा नाही.

मग भाषेचा विचारावर काहीच परिणाम नाही का? आहे, थोडा आहे. रशियन भाषेत फिक्या आणि गडद निळ्याला दोन वेगळी नावं आहेत. २००७ च्या एका प्रयोगात दिसलं की निळ्याच्या दोन छटांपैकी एक या नावाची आणि एक त्या नावाची असली, तर रशियन लोकांना फरक जरा लवकर ओळखता येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो फायदा मिळत नाही. पण त्याच वेळी मनात आकडे घोकायला सांगितले, की रशियनांचाही फायदा गेला. म्हणजे भाषा नजरेला हलकासा धक्का देते, पण डोळ्यांना झापड लावत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यालाही दोन्ही निळे दिसतातच.

आणि अहिराणीत शब्दच नाहीत हे तर मला अजिबात मान्य नाही. तुमच्या सासऱ्यांना वावरातली माती, ढग, बैलाची चाल, कपाशीवरचा रोग यांबद्दल विचारा आणि मिस्टरांना शेजारी बसवा. जे नवं आलं त्यासाठी अहिराणीनं शब्द उचलले: मोटार, डीपी, ड्रिप. मराठीनंही उचलले, इंग्रजीनंही उचलले. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हाही गैरसमज आहे. 'शे' (आहे), 'घरमा' (घरात), 'काय करी राहिना' (काय करतोय) हे तिचं स्वतःचं व्याकरण आहे, नियमानं चालणारं. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशी, जिच्यात अहिराणी येते, १९०७ सालच्या खंडात भिल्ली भाषांसोबत नोंदवलेली आहे. मराठीचा खंड वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि ती सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक निघाले, त्यातले बहुतेक अहिराणीवाले.

ताई, तुमचे विचार अहिराणीत येतात याचा अर्थ एवढाच, की तुम्ही पहिल्यांदा हसलात, रडलात, भांडलात ती भाषा ही आहे. ती मनात खोल बसलेली असते. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर २००३ मध्ये एक प्रयोग झाला. लहानपणी आई रागावताना जी वाक्यं बोलते तशी वाक्यं त्यांना दोन्ही भाषांत ऐकवली आणि त्वचेतल्या विजेच्या सूक्ष्म बदलावरून अंगाची प्रतिक्रिया मोजली. तुर्कीतल्या रागावण्यानं अंग जास्त दचकलं. इंग्रजीतलं तेच वाक्य समजत होतं, पण अंगाला तितकं लागत नव्हतं. आता विचार करा, तुमच्या मुलाला ताप आला, वर्गात अपमान झाला, तर 'डोन्ट क्राय'नं त्याला काय पोचणार आहे? त्याला तुमच्या भाषेतलाच धीर हवा.

इथेच माझी मुख्य काळजी आहे. तुमची 'कम', 'सिट', 'ईट फास्ट' ही वाक्यं नीट पाहा. सगळे हुकूम आहेत. जी भाषा आपल्याला थोडीच येते, तिच्यात आपण मुलाला हुकूम देऊ शकतो, फार तर वस्तूंची नावं सांगू शकतो. 'का', 'मग काय झालं', 'असं झालं नसतं तर' हे आपण तिच्यात विचारू शकत नाही. मुलाचा विचार मात्र याच प्रश्नांवर वाढतो. घरात इंग्रजी आणायच्या घाईत त्याच्या वाट्याचं बोलणंच कमी झालं. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा तोटा मोठा आहे, आणि तो थांबवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

उदाहरण देते. उन्हाळ्यात सासूबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करतात ना? त्या दिवशी मुलाला त्यांच्याशेजारी बसवा. ज्वारी भिजत का घालायची, शिजवलेला घाटा पातळ राहिला तर काय होईल, कपड्यावरच का थापायचे, ढग आले तर काय करायचं. आजी सांगेल, तो विचारेल, मधेच चुकीचं उत्तर देईल, आजी हसून दुरुस्त करेल. आधी काय, मग काय, कशामुळे काय, हे सगळं त्यात आलं. पुढे शाळेच्या पुस्तकात बाष्पीभवन येईल तेव्हा त्याला फक्त शब्द नवा असेल, गोष्ट ओळखीची असेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाल तेव्हा झोक्यावरची गाणी त्याला ऐकू द्या, कानबाई देवीच्या सणाच्या दिवशी हे सगळं का करतो ते सासूबाईंना सांगू द्या. रात्री त्याची बैलाची गोष्ट पुन्हा सुरू होऊ द्या आणि ती मधेच तोडून 'इंग्लिशमध्ये सांग' असं कोणीही म्हणू नका.

आणि त्याचं पुटपुटणं. यावर ओरडणं आजच थांबवा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांचं भाषा आणि विचार यांवरचं पुस्तक १९३४ मध्ये आलं. त्यांनी दाखवलं की लहान मूल कठीण कामात अडलं की मोठ्यानं स्वतःशी बोलतं, आणि काम जितकं कठीण तितकं हे बोलणं वाढतं. 'आते हाई काढू, मंग ती' असं म्हणत ते स्वतःला वाट दाखवत असतं. पुढे हेच बोलणं आत जातं आणि आपण ज्याला मनात बोलणं म्हणतो ते होतं. मोठी माणसंही हिशेब अडला की ओठ हलवतात. वर मी म्हटलं की विचार म्हणजे भाषा नाही. पण भाषा विचाराला धरायला मदत करते ती अशी, आणि सहा वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी सगळ्यात सोपी भाषा अहिराणी आहे. इंग्रजी अभ्यास करताना तो अहिराणीत पुटपुटतो म्हणजे अभ्यास समजून करायचा प्रयत्न करतो आहे. ते पुटपुटणं दाबलं तर त्याची मदतच काढून घेतल्यासारखं होईल.

इंग्रजीसाठी काय करायचं? तिला शाळेत वेळ द्या, आणि घरी चित्रांची इंग्रजी पुस्तकं आणा. मिस्टरांना वाचता येतं, त्यांनी रोज झोपताना दोन पानं वाचावीत, आणि त्यातल्या अस्वलानं असं का केलं यावर बोलणं तुम्ही अहिराणीत करा. मिस्टरांना मराठीतच बोलायचं असेल तर बोलू द्या, मुलाला दोन्ही येतील. फक्त आजी-आजोबांवर बंदी नको. घरातल्या म्हातारीला तिच्या स्वतःच्या भाषेत नातवाशी बोलता येऊ नये, याचं दुःख त्यांनी तुम्हाला बोलून दाखवलं नसेल, पण ते असणारच. मिस्टरांना कागद दाखवायचा असेल तर २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण दाखवा. शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवावं, असं त्यात लिहिलं आहे. शाळा तुम्ही बदला असं मी म्हणत नाही, ती निवड तुमची आहे. पण सरकारी धोरणसुद्धा घरच्या भाषेला अडथळा मानत नाही.

राहिले पाढे. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना नवी गणितं शिकवली. अचूक बेरजा ज्या भाषेत शिकवल्या, त्याच भाषेत त्या पटकन आठवल्या. अंदाजाच्या उत्तरांना भाषेनं फरक पडला नाही. म्हणून पाठांतर शाळेच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत घ्या, कारण परीक्षा तिथे आहे. एकाच पाढ्याची दोन भाषांत घोकंपट्टी सध्या नको. पण पाढा म्हणजे काय, हे अहिराणीत समजवा. कांद्यांच्या तीन-तीनच्या चार राशी मांडा आणि मोजू द्या. मराठी आकडे पुढच्या एक-दोन वर्षांत सावकाश आणा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर मराठी घरांतल्या मुलांनाही चकवतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी सोपी वाचनपद्धत दिली होती तेव्हा मोठा वाद झाला, पण मुलांची अडचण खरी होती. हे आकडे त्याला बाजारात शिकवा. आठवड्याच्या बाजाराला नेलं की भाव त्यालाच विचारू द्या, नोटा त्याच्या हातात द्या आणि उरलेले पैसे किती येतील ते आधी त्यालाच सांगू द्या, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.